मांजराची वाट खिडकीतून काढा

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत ज्या घरी मांजर आहे, त्या घराची एक खिडकी रात्रभर उघडी असते, नाहीतर मागचं दार किलकिलं ठेवून त्याला वीट लावलेली असते. मांजराला वेळकाळ नसतो. रात्री दोनला बाहेर जायचं असतं, पहाटे चारला आत यायचं असतं, आणि दार लागलेलं दिसलं तर ते घरच्यांना झोपू देत नाही. म्हणून ही फट. पण त्याच फटीतून उंदीर येतो, परका बोका येतो, जूनमध्ये पावसाची झड येते आणि कधी साप येतो. मांजरापुरतीच उघडेल आणि लगेच आपोआप मिटेल अशी छोटी झडप बसवली तर ही अडचण बरीच सुटते. तयार झडपा आता ऑनलाइन मिळतात, आणि गावचा सुतारही एका दिवसात करून देऊ शकतो. खरा प्रश्न झडप कशी बसवायची हा नसून कुठे बसवायची हा आहे. त्याचं माझं उत्तर ठाम आहे: जमिनीलगत, दाराच्या तळाशी बसवू नका. मांजराची वाट खिडकीतून काढा.

कारणाकडे वळण्याआधी मांजर घरात का हवं, ते सांगतो. आपल्याकडचं घर हे धान्याचंही घर असतं. ज्वारी, तूर, सोयाबीनची पोती बऱ्याच घरांत राहत्या खोलीच्या शेजारीच रचलेली असतात. जिथे धान्य, तिथे उंदीर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत लोक भीतीनं घराबाहेर, झोपड्यांत राहू लागले आणि धान्य मात्र मोकळ्या घरांत पडून राहिलं. उंदीर माजले. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. घरातला उंदीर नुसतं पोतं कुरतडून थांबत नाही, हे या जिल्ह्यानं अनुभवलं आहे.

तरी मांजराकडून नको तेवढी अपेक्षा ठेवू नका. ते चिचुंद्र्या आणि लहान-मध्यम उंदीर धरतं. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. धान्य वाचवायचं तर पत्र्याची कोठी आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या हाच पहिला उपाय. मांजराचा वास आणि वावर असला की उंदीर त्या खोलीत बिनधास्त फिरत नाहीत, हा त्यावरचा फायदा. आणि मांजराच्या अंगावर पिसवा असतील तर त्याही घरात येतात, म्हणून पिसवांचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच लावायचं. कुत्र्यासाठीचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातली काही मांजराला विषासारखी असतात.

आता जागेचं कारण. तयार झडपेसोबत जो कागद येतो, त्यावर झडप दाराच्या तळाशी दाखवलेली असते. ती पद्धत थंड देशांतली आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये एका जुन्या दाराला मांजरासाठी पाडलेलं गोल भोक आजही आहे. त्या कॅथेड्रलच्या हिशेबवह्यांत १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या खर्चासाठी तिमाहीला तेरा पेन्स दिल्याच्या नोंदी सापडतात. म्हणजे दाराला भोक पाडून मांजराला कामावर ठेवायची कल्पना तिकडे शेकडो वर्षांची. पण त्या सबंध देशात विषारी सापाची जात एकच आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं असे मुख्य चार आहेत. त्यातली मण्यार रात्री हिंडते, उंदीर-पाली-बेडकांच्या मागे घरात शिरते आणि खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका हलका असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, तेव्हा शंका येते. ज्या घरात माणसं जमिनीवर झोपतात, त्या घराच्या दाराला तळाशी सहा इंचांचं भोक पाडणं मला मान्य नाही, मग त्याला झडप कितीही चांगली असो. झडपेच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहतेच, आणि सैल झालेली झडप साप सहज ढकलतो. (चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि तडक अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.)

खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर असतो. मांजर तेवढी उडी सहज मारतं. सापाला गुळगुळीत गिलाव्याच्या, ऑइलपेंट दिलेल्या किंवा फरशी लावलेल्या भिंतीवर चढायला आधार मिळत नाही. दगडमातीच्या खडबडीत भिंतीवर मात्र तो चढू शकतो. म्हणून तशा घरात खिडकीखालचा तीन फुटांचा पट्टा बाहेरून सिमेंटनं गुळगुळीत करून घ्या आणि त्याला टेकवून लाकडं, तुराट्या, गोवऱ्या, विटा रचू नका. वेल चढलेली असेल तर छाटा. मांजरासाठी शिडी वगैरे लावायची गरज नाही. शिडी इतरांच्याही कामाला येते.

कुठली खिडकी? झोपायच्या खोलीची नको, स्वयंपाकघराचीही नको. पडवी, मागची खोली किंवा धान्याची खोली उत्तम. मांजर शिकार तोंडात धरून घरी आणतं, आणि ती नेहमी मेलेलीच असते असं नाही. अर्धमेला उंदीर किंवा सापाचं पिल्लू आधी अशा खोलीत आलेलं बरं, जिच्या आणि माणसांच्या मधलं दार रात्री बंद करता येतं. पावसाचाही विचार करा. आपल्याकडचा पाऊस बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून उत्तरेची किंवा पूर्वेची, वर छज्जा असलेली खिडकी निवडा. आणि एप्रिल-मे आठवा: ज्या खिडकीत दरवर्षी कूलर बसतो ती यादीतून आधीच काढून टाका. एसी असलेल्या खोलीला झडप नको. गारवा निघून जातो.

ॲल्युमिनिअमची सरकती खिडकी असेल तर काम सगळ्यात सोपं, आणि भाड्याच्या घरातही चालणारं, कारण काहीच कापावं लागत नाही. एक पल्ला नऊ-दहा इंच सरकवा. त्या मोकळ्या पट्टीच्या उंचीएवढी, बारा मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायची फळी कापून घ्या. फळीच्या खालच्या भागात झडप बसवा, फळी चौकटीच्या खाचेत उभी करा आणि पल्ला तिच्यावर घट्ट सरकवून आणा. पल्ल्याच्या कडेला रबरी पट्टी चिकटवली की वारा आणि डास दोन्ही अडतात. पल्ला बाहेरून सरकवता येऊ नये म्हणून खालच्या खाचेत आडवी लाकडी पट्टी टाका किंवा छोटा बोल्ट लावा. हे विसरू नका, नाहीतर चोरालाही वाट मिळते. खिडकीला डासांची जाळी असेल तर मांजराच्या जागेपुरती ती मागे घ्यावी लागेल. जाळी फाडून ठेवलीत तर मांजर ती आणखी फाडेल. म्हणून कडा पट्टीनं पक्क्या करा.

लाकडी खिडकीच्या खालच्या भागातली एक काच काढून तिथे त्याच मापाची प्लाय बसवता येते. काचेला भोक पाडायचा नाद सोडा. साधी काच तज्ज्ञाकडून कापून घेता येते, पण टफन केलेली काच कापायला गेलात की तिचा चुरा होतो. प्लायच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यायलाच हवेत. पाणी कडेतूनच शिरतं आणि प्लाय फुगली की झडप अडकते.

खिडकीच्या गजांकडे बहुतेक जण शेवटी बघतात, आणि तिथेच काम अडतं. झडप दोन्ही बाजूंना उघडते, तिला सात-आठ इंच मोकळी जागा लागते. गज त्याआधीच आला तर झडप अर्धी उघडून थांबते आणि मांजर पहिल्याच दिवशी तिच्यावरचा विश्वास गमावतं. तेव्हा वेल्डरकडून त्या जागेचा एक गज कापून घ्या आणि तिथे सहा बाय सात इंचांची पक्की चौकट वेल्ड करून घ्या. सात इंचांपेक्षा मोठी ठेवू नका, आणि कापलेला गज नुसता मोकळा तर मुळीच सोडू नका.

माप घेण्यासाठी मांजराला धरून टेप लावायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला सहा इंच रुंद आणि सात इंच उंच भोक पाडा, आत त्याच्या आवडीचं काही ठेवा आणि ते कसं जातं ते बघा. मांजराची गळ्याजवळची हाडं इतर हाडांना जखडलेली नसतात, म्हणून जिथून डोकं जातं तिथून अंग सहसा जातंच. पण झडपेतून ते रोज जाणार आहे. अंग चोरून जावं लागलं तर ते जाणं टाळेल. आपल्याकडच्या साध्या गावठी मांजराला सहा बाय सात पुरतं; दांडग्या बोक्याला रुंदी एक इंच वाढवावी लागेल. गाभण मांजरीचाही विचार याच वेळी करा. भोकाची खालची कड, मांजर जिथे उभं राहतं त्या फळीपासून तीन-चार इंचांवर असावी, म्हणजे पोट घासत नाही आणि पायही फार उचलावा लागत नाही. खिडकीच्या आत आणि बाहेर आठ-दहा इंच रुंदीची फळी हवीच. मांजर उडी मारून थेट झडपेतून जात नाही. ते आधी थांबतं, वास घेतं, कान लावतं, मग जातं. फळीवर गोणपाटाचा तुकडा ठोकला की नखांना पकड मिळते.

झडप घरीच करायची तर तीन-चार मिलिमीटरची पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट घ्या. पारदर्शकच हवी, कारण पलीकडचं दिसलं नाही तर मांजर डोकं घालत नाही. वरच्या कडेला हलकी बिजागरी, चौकटीशी तिन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळीक आणि खालच्या कडेला लहान लोहचुंबक. चुंबक नसेल तर वावटळीत झडप रात्रभर फडफडते. आतल्या बाजूनं सरकती कडी लावा, म्हणजे हवं तेव्हा वाट पूर्ण बंद करता येते. बाजारातल्या चांगल्या झडपांना चार सोयी असतात: दोन्हीकडून ये-जा, फक्त आत, फक्त बाहेर, आणि पूर्ण बंद. त्यातली ‘फक्त आत’ ही सोय आपल्याला सगळ्यात उपयोगी. संध्याकाळी ती लावली की मांजर घरी येतं, पण परत बाहेर जात नाही. मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणाऱ्या झडपाही निघाल्या आहेत. त्या साध्या सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी फरक पडत नाही. शेजारचे बोके फार त्रास देत असतील आणि खर्च झेपत असेल तरच त्यांचा विचार करावा. गावातल्या बहुतेक घरांना साधी झडप पुरेशी आहे.

खिडकी नाहीच आणि दारातच बसवायची वेळ आली तर ते दार अंगणातून थेट आत उघडणारं नसावं. पडवी आणि आतली खोली यांच्या मधलं असावं. जुन्या वाड्याच्या सागवानी किंवा बाभळीच्या दाराला हात लावू नका. तसं दार आज पुन्हा करून मिळत नाही. फ्लश डोअर आतून पोकळ असू शकतं. कापल्यावर पोकळी दिसली तर चारही कडांत लाकडी पट्ट्या ठोकून ती बुजवा, नाहीतर तिथे झुरळं आणि वाळवी घर करतात. कापताना चारही कोपऱ्यांना आधी ड्रिलनं भोकं पाडा, रेघेवर चिकटपट्टी लावा, मग करवत किंवा जिगसॉ चालवा, म्हणजे वरचा थर उडत नाही. लोखंडी पत्र्याच्या दाराला वेल्डर भोक पाडून देईल, पण कापलेली कड ब्लेडसारखी असते. ती आत दुमडून घ्या किंवा तिला रबरी पट्टी चढवा. आणि आतली कडी भोकापासून हातभर अंतरात येत नाही ना, हे स्वतः बाहेरून हात घालून तपासा. भिंत फोडायचा विचार असेल तर माळवदाच्या घरात तो सोडूनच द्या. दगडमातीच्या भिंतीतला एक दगड निघाला की वरचे सरकतात, आणि बऱ्याच घरांत माळवदाचा भार त्याच भिंतींवर असतो. विटांच्या भिंतीत आठ इंची पीव्हीसी पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवता येतो. मात्र खांब, तुळई आणि स्विचबोर्डच्या खालून-वरून जाणाऱ्या वायरींची रेघ टाळा.

झडप बसली म्हणजे मांजर लगेच वापरू लागेल असं समजू नका. पहिले काही दिवस झडप सुतळीनं वर बांधून ठेवा आणि भोक मोकळं सोडा. मांजराचं जेवण आतल्या फळीजवळ ठेवा. ते सहज जाऊ-येऊ लागलं की झडप थोडी खाली आणा, इतकी की त्याच्या पाठीला हलकेच लागेल. मग अर्धी, मग पूर्ण. चुंबकाचा ‘टक’ आवाज काही मांजरांना घाबरवतो. तोवर त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. उपाशी वेळेला, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाआधी, एकानं आत आणि एकानं बाहेर बसून नावानं हाक मारावी. काही मांजरं दोन दिवसांत शिकतात, काहींना तीन आठवडे लागतात. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: त्याला उचलून झडपेतून ढकलू नका. एकदा भ्यालेलं मांजर त्या खिडकीकडे महिनाभर फिरकत नाही, आणि लहान मुलांना तर ढकलायची गंमत वाटते. त्यांना हे आधीच समजावून सांगा.

झडप लावल्यावर मांजराची जबाबदारी वाढते, कारण आता ते कधी जातं आणि कधी येतं हे तुम्हाला दिसत नाही. नर असो वा मादी, नसबंदी करून घ्या. मादीची केली नाही तर आत-बाहेर मोकळी वाट असलेल्या घरात वर्षाला दोन-तीनदा पिल्लं होतील, आणि पिल्लं मारायला बोके त्याच वाटेनं येतील. बोक्याची केली की तो दारोदार मुतत फिरणं आणि मारामाऱ्या करणं बरंच कमी करतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं रोजचं काम गाई-म्हशींचं. त्यामुळे मांजराच्या शस्त्रक्रियेसाठी आधी चौकशी करा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येतं. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. बाहेर हिंडणाऱ्या मांजरासाठी ती चुकवू नये. मांजर चावलं किंवा खोल ओरबाडलं तर माणसानंही जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवून दवाखाना गाठावा.

शेजाऱ्यांशी बोलून घ्या, विशेषतः पेरणीनंतर. शेतात आणि घरात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोनची गोळी ठेवली जाते. ते खाऊन झिंगलेला उंदीर सगळ्यात सोपी शिकार असतो, आणि तो खाल्लेलं मांजर मरू शकतं. तुमच्या घरात मांजर असेल तर घरात विष ठेवूच नका, पिंजरा वापरा. शेजारी विष ठेवणार असतील तेव्हा ते कळलं तर धोका टळेपर्यंत झडप बंद करून मांजर घरात ठेवता येतं. त्याला लागेल ती मातीची किंवा वाळूची पाटी आधीच तयार असू द्या. दूध-दह्याची भांडी झाकून ठेवणं आलंच. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं ही म्हण उगाच पडलेली नाही, आणि आता तर बोक्याला घरात यायला दार आहे. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचेलच असं नाही. त्याच्यासाठी स्वच्छ पाण्याची वाटी जास्त महत्त्वाची.

रात्रीचा नियम घराघराप्रमाणे बदलेल, पण पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर, रात्री झडप पूर्ण बंद ठेवावी असं माझं मत आहे. दिवेलागणीला जेवण द्यायची सवय लावली की मांजर त्या वेळी घरी असतंच. ते आत आलं की कडी लावा. उंदीर तर घरातही आहेत; त्याची रात्र वाया जात नाही.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबद्दल. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि थेट उन्हाळा लागल्यावर परततात. मांजर गाडीत बसून येत नाही. त्याला घर सुटत नाही. मग काही जण झडप उघडी ठेवून घराला कुलूप लावतात, उंदीर खाऊन जगेल म्हणून. असं करू नका. माणसांचं खरकटं, पाणी आणि ऊब नसलेल्या घरात पाळलेलं मांजर महिन्याभरात खंगतं किंवा निघून जातं, आणि मोकळ्या घरात परके बोके गाद्यांवर ठाण मांडतात. घरी आजी-आजोबा मागे राहणार असतील तर, वरच्या नियमाला अपवाद म्हणून, ते ज्या खोलीत राहतात त्या खोलीच्या खिडकीला झडप हवी. त्यांचं अंथरूण तिथेच असेल तर खाटेवर असावं आणि रात्री कडी लावायची सवय मजुरीला निघण्याआधीच घडवावी. कोणीच राहणार नसेल तर झडप बंद करा, बाहेरच्या पडवीत गोणपाट टाकून जागा करून द्या, आणि रोज भाकरीचा तुकडा व पाणी देईल अशा शेजाऱ्याकडे काम सोपवा. त्याच्या पदरात तेवढ्या महिन्यांचं धान्य आधीच घाला. पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडून येणं हा उपाय नव्हे. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

दरवर्षी मृग लागायच्या आधी झडप एकदा उतरवून बघा. उन्हानं ॲक्रिलिक वाकलं किंवा तडकलं असेल तर नवीन शीट कापून घ्या, बिजागरीला तेलाचा थेंब सोडा, रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदला आणि खालच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसून काढा. मग झडप हातानं ढकलून सोडा. ती दोन-तीन हेलकाव्यांत थांबून मधोमध मिटायला हवी. कडेला तिरकी राहत असेल तर बिजागरीचे स्क्रू ढिले करून चौकट सरळ करा आणि परत आवळा.